‘सर्वस्वत्याग’ या संकल्पनेची चिकित्सा : फादर स्टीफन्स, ‘ख्रिस्तपुराण’ आणि मागे राहिलेले

प्रस्तावना

धर्मकार्यासाठी घरदार, आप्तस्वकीय आणि मायदेश सोडून परमुलखात आलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांविषयी मराठीत जे चरित्रपर आणि समीक्षापर लेखन झाले, त्यात ‘सर्वस्वत्याग’ हा शब्द हमखास भेटतो. मिशनऱ्यांकडे गौरवाने पाहणारा लेखक तो श्रद्धेने वापरतो. संशयाने पाहणारा लेखक तो अवतरणचिन्हांत घालून वापरतो. शब्द मात्र दोघांचाही एकच असतो. त्याची फोड करण्याचे कष्ट दोघेही सहसा घेत नाहीत. सोडले म्हणजे नेमके काय सोडले? जे सोडले असे म्हटले जाते ते त्या माणसाच्या हाती तेव्हा उरले होते काय? आणि ज्यांना सोडले, त्यांचे पुढे काय झाले? हे तीन प्रश्न समोर ठेवून प्रामुख्याने फादर थॉमस स्टीफन्स आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ यांचा, आणि त्या अनुषंगाने अमेरिकन मराठी मिशन व लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विचार करण्याची निकड अध्यापनाच्या व्यवहारातून निर्माण होते. महाविद्यालयीन वर्गात फादर स्टीफन्स येतात ते बहुधा मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या चार-दोन ओव्यांपुरते. मराठी भाषा गौरव दिनाच्या दिवशी त्या ओव्या फलकावर लिहिल्या जातात, एखाद्या भाषणात उद्धृत होतात आणि दुसऱ्या दिवशी पुसल्या जातात. एका इंग्रज माणसाने आपल्या भाषेची स्तुती केली, याचे कौतुक त्यात मोठे असते. परंतु तो इंग्रज साष्टीत कसा आला, कोणाच्या राज्यात राहून त्याने हे पुराण लिहिले आणि ज्यांच्यासाठी लिहिले त्या माणसांची अवस्था तेव्हा काय होती, हे विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही. स्तुतीच्या चार ओव्यांखाली अकरा हजारांच्या जवळपास ओव्यांचा एक ग्रंथ आणि त्याहून मोठा इतिहास झाकला गेला आहे.

त्यागाचे मराठी मोजमाप

त्याग या मूल्याकडे पाहण्याची मराठी परंपरेची स्वतःची एक दृष्टी आहे आणि ती भाबडी नाही. विठ्ठलपंतांची परंपरेने सांगितलेली कथा याची साक्ष देते. पत्नी रुक्मिणीबाईंना आळंदीत ठेवून विठ्ठलपंत काशीला गेले, त्यांनी संन्यास घेतला. पुढे गुरूंना सत्य कळले तेव्हा त्यांनीच शिष्याला परत गृहस्थाश्रमात धाडले. त्यानंतर समाजाने त्या दांपत्याला आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई या चार लेकरांना जी वागणूक दिली ती सर्वज्ञात आहे. या कथेतला गुरू शिष्याच्या वैराग्याने भारावून जात नाही. मागे राहिलेल्या स्त्रीकडे पाहून तो निर्णय फिरवतो. ज्या भाषेचा एक श्रेष्ठ कवी अशा एका फसलेल्या संन्यासाचा मुलगा आहे, त्या भाषेने कोणत्याही सर्वस्वत्यागाचे मूल्यमापन करताना घरात मागे राहिलेल्यांचा हिशेब मागावा, हे स्वाभाविकच मानले पाहिजे.

वारकरी संप्रदायाने पुढे या प्रश्नाला आपले उत्तर दिले. करमाळा-माढा भागातून आषाढीला पंढरपूरकडे जाणाऱ्या दिंड्या टेंभुर्णी परिसरातील माणसाला नव्या नाहीत. वारकरी घर सोडतो. पण पेरणी उरकून सोडतो आणि परतण्यासाठी सोडतो. येथे जाण्याइतकेच परत येण्यालाही मोल आहे. मिशनरीचे जाणे या जातीचे नाही. तो परतण्याच्या हिशेबाने निघत नाही. म्हणून वारीचा किंवा संन्यासाचा शब्दसंग्रह जसाच्या तसा त्याला लावला की गल्लत होते. संन्यासी आपले नाव, जात, अग्नी आणि कुटुंब सोडतो आणि कोणाचाही आज्ञाधारक सेवक राहत नाही. जेझुइट पंथाचा धर्मगुरू दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी व्रते घेतो. तिसरे व्रत त्याला एका संस्थेशी आजन्म बांधून टाकते. सोडणे आणि बांधले जाणे या दोन्ही क्रिया तेथे एकाच वेळी घडतात.

विल्टशर ते साष्टी

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातला, वडील व्यापारी. राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीत कॅथलिक राहणे हेच धोक्याचे होऊ लागले होते. त्यांचे मित्र थॉमस पाउंड यांच्यासह रोमला जाऊन जेझुइट पंथात प्रवेश करण्याचा बेत ठरला होता. पाउंड पकडले गेले, स्टीफन्स निसटले आणि १५७५ मध्ये रोम येथे त्यांनी पंथाची दीक्षा घेतली. पुढे अवघ्या सहा वर्षांत, १५८१ मध्ये, एडमंड कँपियन या जेझुइटाला लंडनमध्ये देहदंड झाला. हा काळ लक्षात घेतला म्हणजे ‘मायदेशाचा त्याग’ या शब्दप्रयोगाला मुरड घालावी लागते. ज्या देशात आपला धर्म पाळणे गुन्हा ठरत चालले आहे, तो देश सोडणे आणि सुखासीन देश सोडणे यांत अंतर आहे. स्टीफन्स यांनी इंग्लंड सोडले हे जितके खरे, तितकेच इंग्लंडने त्यांना सोडले होते हेही खरे. यामुळे त्यांचे मोठेपण कमी होत नाही. ते अधिक मानवी होते, इतकेच.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना जे पत्र लिहिले ते हॅकलूट याने आपल्या सागरप्रवासांच्या सुप्रसिद्ध संग्रहात छापल्यामुळे टिकले. या पत्राकडे मराठी समीक्षेने यापेक्षा अधिक लक्ष द्यायला हवे होते. सर्वस्व सोडून आलेल्या तिशीतील मुलाचे हे पत्र आहे. पण त्यात विरहाचा किंवा त्यागाचा उमाळा शोधू जाता हाती फारसे लागत नाही. पत्र भरले आहे ते समुद्राने. वारा पडला की गलबताचे काय होते, विषुववृत्तावरचा उकाडा, पूर्व-पश्चिम अंतर मोजण्यात खलाशांना येणारी अडचण, गलबतासोबत चालणारे मासे आणि पक्षी, केप ऑफ गुड होपच्या वळणावरचे वादळी पाणी, हिरड्या सुजवणारा आजार. लिहिणारा माणूस डोळे उघडे ठेवून प्रवास करणारा आहे. या चौकस नजरेतच पुढच्या भाषाभ्यासकाची चाहूल लागते. १५८३ मध्ये भाऊ रिचर्ड याला लॅटिनमध्ये लिहिलेल्या पत्रात या देशातील भाषांच्या घडणीचे ग्रीक आणि लॅटिन भाषांशी असलेले साम्य त्यांनी नोंदवले. सर विल्यम जोन्स यांचे संस्कृतविषयीचे विख्यात व्याख्यान यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, १७८६ मध्ये झाले.

आपल्या माणसांचा लळा मात्र सुटला नव्हता. त्याच १५८३ साली राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे साथीदार हे इंग्रज व्यापारी गोव्यात कैदेत पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत पाद्री स्टीफन्स होते. कैदी प्रॉटेस्टंट राणीचे प्रजाजन होते आणि सोडवू पाहणारा त्या राणीच्या राज्यातून निसटलेला कॅथलिक होता. चरित्रकार हा प्रसंग ओझरता सांगून पुढे जातात. ‘सर्वस्व’ या शब्दातून मायदेश पुरता वजा होत नाही, याचा हा पुरावा आहे.

मग त्यांनी खरोखर काय सोडले? याचे उत्तर त्यांच्या चरित्रात शोधण्यापेक्षा लेखनात शोधणे अधिक फलदायी ठरते. सुमारे चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, ते गोव्यात आणि मुख्यतः साष्टीत राहिले. त्यांचे नाव ज्यांवर उभे आहे ती पुस्तके तीन : ‘ख्रिस्तपुराण’, कोकणीतील ‘दौत्रिना क्रिस्तां’ ही धर्मशिक्षणाची पोथी आणि कोकणीचे व्याकरण. शेवटची दोन त्यांच्या मृत्यूनंतर, अनुक्रमे १६२२ आणि १६४० मध्ये प्रसिद्ध झाली. शेक्सपिअरच्या पिढीतला हा लेखक. इंग्रजी वाङ्मयाच्या ऐन बहराच्या काळात त्याने आपली प्रतिभा इंग्रजीला दिली नाही. लेखकाच्या बाबतीत मातृभाषा सोडणे हे घर सोडण्यापेक्षा कठीण असते. घर एकदाच सोडावे लागते; भाषा रोज, प्रत्येक ओळीला सोडावी लागते. स्टीफन्स यांच्या सर्वस्वत्यागाचा निर्विवाद भाग हाच आहे आणि गंमत अशी की गौरवपर लेखनात याच भागाची चर्चा सर्वांत कमी होते.

पुराण कोणी मागितले

तथापि विवेचन येथे थांबवले तर ते अर्धवट राहील. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी ग्रंथाच्या जन्माचा एक प्रसंग रचलेला आहे. ख्रिस्ती झालेल्यांपैकी एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विनवतो, की आमची पूर्वीची पुराणे आता आम्हांस वर्ज्य झाली आहेत, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे काही तरी द्यावे. या मागणीला उत्तर म्हणून गुरू पुराण सांगू लागतात. काव्यरचनेची सोय म्हणून या प्रसंगाकडे पाहिले जाते, कारण पुराण श्रोता-वक्ता संवादातून उलगडावे ही रूढी आहेच. परंतु त्या श्रोत्याच्या तोंडी घातलेले दुःख केवळ रूढीचे नाही.

१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा यांच्या मूर्ती भक्तांनी पोर्तुगीज हद्दीबाहेर, आदिलशाही अंमलातील अंत्रूज महालात नेल्या. आजची मंगेशी आणि कवळे येथील देवस्थाने त्या स्थलांतराची खूण आहेत. धर्मासाठी सर्वस्व सोडून परक्या राज्यात गेलेली माणसे म्हणून जर कोणाचा उल्लेख करायचा, तर देव उचलून झुआरी नदी ओलांडणाऱ्या या कुटुंबांचाही करावा लागेल. त्यांच्या त्यागाला चरित्रकार लाभले नाहीत. कुळकथा आणि देवस्थानांच्या बखरी तेवढ्या उरल्या. आणि जे गेले नाहीत, वतन आणि शेतभाट धरून मागे राहिले आणि बाटले, त्यांनी गाव राखले. पण पुराणे, कीर्तने, सणवार, नावे हे सारे गमावले. स्टीफन्स यांच्यापुढे बसलेला श्रोता हा होता.

१५ जुलै १५८३ रोजी साष्टीतीलच कुंकळ्ळी येथे रोदोल्फो आक्वाव्हिवा यांच्यासह पाच जेझुइट मारले गेले. त्यानंतर कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकारांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलाचालीसाठी म्हणून बोलावून पोर्तुगीजांनी ठार केले. चर्चच्या इतिहासात पहिल्या घटनेतील मृतांना हुतात्मे म्हटले जाते. गोव्यातील आजच्या स्मरणव्यवहारात दुसऱ्या घटनेतील मृतांना हा मान मिळतो. स्टीफन्स त्या वेळी चार वर्षांचे गोवेकर होते. त्यांचे काव्य याच भूमीवर, या दोन्ही रक्तांच्या आठवणी ताज्या असताना घडले. ग्रंथात मूर्तिपूजेवर कठोर टीका आहे. तिला सौम्य करून दाखवण्याचा जो प्रयत्न काही भाषाप्रेमी अभ्यासक करतात, तो ग्रंथाशी प्रामाणिक नाही. उलटपक्षी ती टीका आहे म्हणून सारा ग्रंथच राजसत्तेचे हत्यार ठरवणे हेही वाचन न करता दिलेले मत होय. राजसत्तेचे काम तलवारीने आणि फर्मानाने चालले होते, त्याला ओवीची गरज नव्हती. ज्या माणसांचे पुराण हिरावले गेले त्यांना पुराणच द्यावे लागेल, उपदेशाची रुक्ष पोथी पुरणार नाही, हे ज्याला कळले त्याला त्यांच्या गमावण्याची जातही कळली होती असे मानावे लागते.

येथे एक अडचणीचा निष्कर्ष टाळता येत नाही. स्टीफन्स यांनी आपले बरेच काही सोडले. पण ज्या सत्तेच्या आश्रयाने ते साष्टीत राहिले ती सोडली नाही. तसे करणे त्यांच्या व्रतात बसणारे नव्हते आणि त्या काळी कोणाच्या कल्पनेतही येणारे नव्हते. त्यांचा त्याग व्यक्तिगत पातळीवर खरा आणि सामाजिक पातळीवर अपुरा आहे. दोन्ही विधाने एकाच माणसाविषयी एकाच वेळी करण्याची तयारी मराठी समीक्षेने दाखवायला हवी.

ग्रंथाच्या पुढील वाटचालीतही हा पेच दिसतो. स्थानिक लिपीचे खिळे पाडून छपाई करावी अशी स्टीफन्स यांची इच्छा होती. १६०८ मध्ये त्यांनी रोमला वरिष्ठांकडे या विषयी लिहिले. ती फलद्रूप झाली नाही आणि १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये पुढच्या आवृत्त्या निघाल्या. यांपैकी एकाही छापील आवृत्तीची प्रत आज ज्ञात नाही. १६८४ मध्ये तर व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर बंद करण्याचे फर्मान काढले. ज्या भाषेसाठी स्टीफन्स यांनी स्वतःची भाषा बाजूला ठेवली, तीच त्यांच्या आश्रयदात्यांना नकोशी झाली होती. तरीही कोकणी ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखितांतून पुराण जपले. त्यांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून ते प्रसिद्ध केले, १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरीत आणले, १९९६ मध्ये कॅरिदाद द्रागो यांची आवृत्ती आली. लंडन येथील देवनागरी हस्तलिखितामुळे पाठचिकित्सेला वेगळे वळण मिळाले, पण तो स्वतंत्र विषय आहे.

बोस्टनहून मुंबई

दोन शतकांनंतर महाराष्ट्रात आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांचा त्याग वेगळ्या घडणीचा होता. ते प्रॉटेस्टंट, विवाहित आणि बोस्टन येथील मंडळाचे वेतन घेणारे. त्यांनी कुटुंब सोडले नाही, कुटुंब सोबत आणले आणि किंमत कुटुंबाने मोजली. हॅरिएट न्यूएल १८१२ च्या फेब्रुवारीत पती सॅम्युएल यांच्यासह निघाल्या. कंपनी सरकारने कलकत्त्यात थारा दिला नाही. पुढच्या प्रवासात जन्मलेले मूल गेले आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशस येथे, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनीही देह ठेवला. हिंदुस्थानात त्यांनी कामाचा एक दिवसही पाहिला नाही. तरी १८१४ मध्ये निघालेल्या त्यांच्या चरित्राने न्यू इंग्लंडमधील कित्येक मुलींना परदेशी जाण्यास प्रवृत्त केले. मृत्यूचेच प्रचारसाहित्य झाले, असे म्हणणे कठोर वाटेल, पण ते वावगे नाही.

गॉर्डन हॉल १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस आले. १८२५ मध्ये त्यांनी आजारी मुलांना पत्नीसह अमेरिकेस पाठवले आणि स्वतः मागे राहिले. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिक भागातील दौऱ्यावर असताना कॉलऱ्याने त्यांचा अंत झाला. मराठी नवा करार त्याच वर्षी छापून पूर्ण झाला. येथे सोडणारा कोण आणि मागे राहणारा कोण, याची अदलाबदल झाली आहे. याउलट १८२७ मध्ये मुंबईस आलेल्या सिंथिया फरार अविवाहित होत्या आणि १८६२ मध्ये अहमदनगर येथे मृत्यू येईपर्यंत मुलींच्या शाळांतच रमल्या. त्यांची नगरची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली आणि पुढे पुण्यात काय घडले ते सांगण्याची आवश्यकता नाही. या बाईंच्या त्यागाविषयी फारसे कोणी लिहिले नाही. बहुधा त्यांच्या कामाविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ असल्यामुळे.

मागे राहिलेलीचे लेखन

मिशनरी साहित्यात मागे राहिलेल्याचा आवाज दुर्मीळ असतो. तो मराठीत पूर्ण ताकदीने ऐकू येतो तो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये. नारायण वामन टिळक परदेशी गेले नाहीत. परंतु १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते पत्नीच्या जगाच्या दृष्टीने सातासमुद्रापलीकडे गेले. टिळकांच्या गौरवपर चरित्रांत हा क्षण सर्वस्वत्यागाचा आहे. जात, आप्त, मान यांवर त्यांनी पाणी सोडले, हे खोटे नाही. ‘स्मृतिचित्रे’ तोच क्षण उलट्या बाजूने दाखवते : नवरा जिवंत असता निराधार झालेली, लहान मुलाला घेऊन नातलगांच्या आश्रयाला आलेली स्त्री. त्या ताटातुटीतील काही काळ लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात काढला, हे या जिल्ह्यातील अभ्यासकांनी विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्या गावी लोक आपल्या संसारासह देवाला भेटायला येतात, त्या गावी एक बाई देवासाठी मोडलेला संसार घेऊन बसली होती.

लक्ष्मीबाईंचे मोठेपण असे, की त्या तक्रारीचे पुस्तक लिहीत नाहीत. टिळकांचा विक्षिप्तपणा, घरातले किडूकमिडूक दुसऱ्याला देऊन टाकण्याची त्यांची खोड, न सांगता निघून जाणे हे सारे त्या हसत सांगतात. आणि त्या हसण्यातून वाचकाला कळते की दानशूर पुरुषाच्या दातृत्वाचा निम्मा खर्च त्याच्या बायकोच्या नावे पडत असतो. पुढे जातिभेदाविषयीचा त्यांचा निर्णय त्यांनी स्वतः विचार करून, स्वतःच्या गतीने घेतला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागे फरफटत गेलेली पत्नी असे त्यांचे चित्र रंगवणारे वाचन पुस्तकातील या सावकाशीकडे दुर्लक्ष करते. टिळकांचा त्याग एका निर्णयात झाला. लक्ष्मीबाईंचा पाच वर्षे चालला आणि त्या काळातील प्रत्येक पायरी त्यांनी नोंदवली. वाङ्मयीन दृष्ट्या कोणता अधिक समृद्ध, हे सांगायला नको.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतनही सोडले, संन्यास जाहीर केला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा करण्याचा प्रयत्न आरंभिला. ज्या परकीय आधाराचा प्रश्न स्टीफन्स यांच्या संदर्भात सुटला नव्हता, तो टिळकांनी तीन शतकांनंतर असा स्वतःपुरता सोडवला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तपुराणा’नंतरचा ओवीबद्ध ख्रिस्तचरित्राचा मोठा प्रयत्न म्हणजे त्यांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’. त्याचे सुमारे अकरा अध्याय लिहून झाले होते. लहानपणी शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९३८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.